चार इंच उंच गाडी आणि चौतीस अंशांची वाळू

हमद पोर्टला मोटारी घेऊन जहाज लागलं की त्याच्या पोटातून नव्याकोऱ्या गाड्या एकामागून एक बाहेर येतात. त्यातल्या काही गाड्यांच्या चाकामागे वाकून पाहिलं, तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे अडकवलेले दिसतात. प्रवासात गाडी पट्ट्यांनी डेकला आवळलेली असते. जहाज डोललं की गाडी स्प्रिंगवर नाचणार, आणि नाचता नाचता पट्टे सैल होणार. तसं होऊ नये म्हणून स्प्रिंगचं काम तेवढ्यापुरतं बंदच करून टाकायचं. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी हे ठोकळे काढायचे असतात. काढायचे राहिले तर नवी गाडी बैलगाडीसारखी हादरते, आणि कारण लवकर सापडत नाही.

माझी नोकरी या बंदराच्या परिसरातली, त्यामुळे हे ठोकळे मी अनेकदा पाहिले होते. तरीही माझ्या स्वतःच्या गाडीत मी पैसे मोजून जवळपास तोच प्रकार करून घेतला. ती चूक कशी झाली आणि नंतर घरच्या अंगणात ती कशी निस्तरली, याची ही गोष्ट आहे. गोष्टीपेक्षा हिशेबच जास्त आहेत, पण ते शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडे जात नाहीत.

हमद पोर्ट दोह्याच्या दक्षिणेला आहे. कोरड्या जमिनीत भलंमोठं खोदकाम करून मग त्यात समुद्राचं पाणी सोडून हे बंदर तयार केलं. २०१६च्या डिसेंबरमध्ये ते सुरू झालं. तिथून आणखी दक्षिणेला निघालं की मेसईद लागतं, मग सीलाइनचा किनारा, आणि तिथे डांबरी रस्ता संपतो. पुढे खोर अल अदैदपर्यंत, म्हणजे वाळवंटात आत शिरलेल्या समुद्राच्या त्या फाट्यापर्यंत, वाळूच्या टेकड्याच टेकड्या. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी इथे जत्रा असते. रस्ता संपतो तिथे सगळे उतरून टायरमधली हवा सोडतात आणि मग एकेक गाडी वाळूत शिरते.

या टेकड्यांची एक खोड आहे, आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे. इथे वर्षातला बराच काळ वायव्येकडून ‘शमाल’ वारा वाहतो. वारा वाळूला टेकडीच्या एका अंगाने हळूहळू वर ढकलतो, आणि माथ्यावर पोचलेली वाळू पलीकडे घरंगळते. म्हणून वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि पलीकडची, साधारण आग्नेयेकडची, एकदम उभी. कोरड्या वाळूचा ढीग किती उभा राहू शकतो याला मर्यादा असते: सुमारे ३२ ते ३४ अंश. त्याहून उभा झाला की वाळू आपोआप घसरते. तांदूळ ताटात ओतून पाहा, त्याचाही ढीग एका ठरावीक कोनाचाच होतो. म्हणजे मेसईदहून दक्षिणेला जाताना तुम्ही सौम्य चढ चढत असता, माथ्यापलीकडचं काही दिसत नाही, आणि पलीकडे ३४ अंशांची घसरण वाट पाहत असते.

माझी गाडी निस्सान पेट्रोल, वाय-६१ या पिढीतली, जुनी. आखातात तिला ‘सुपर सफारी’ म्हणतात. टाटांच्या सफारीशी तिचा काही संबंध नाही. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे आणि त्यावर गुंडाळीच्या स्प्रिंगा. रचना ट्रकसारखी सरळ असल्याने घरी काम करणाऱ्यांची ती लाडकी. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी ती चार इंच उंच करून घेतली. मोठे टायर, टपावर लोखंडी जाळी, जाळीवर पाण्याचे आणि पेट्रोलचे कॅन. का, तर सगळ्यांच्या गाड्या उंच होत्या. मुंबईहून आलेल्या आईने पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा एवढंच म्हणाली, “अरे, चढायला शिडी आण आता.”

त्याच डिसेंबरात आई-बाबांना घेऊन आम्ही वाळूत गेलो. एका टेकडीच्या माथ्यावर माझा वेग कमी पडला. पुढचं चाक माथ्यापलीकडे गेलं, मी घाबरून स्टिअरिंग वळवलं आणि गाडी उभ्या उतारावर आडवी झाली. खालच्या बाजूची चाकं वाळूत रुतू लागली. वरच्या बाजूला, आई बसली होती तिथलं चाक हलकं झाल्याचं मला सीटमधून कळलं. शिकवणाऱ्याने सांगितलेलं तेवढ्यात आठवलं: उताराकडे नाक कर आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नकोस. गाडी सरळ झाली आणि वाळूबरोबर घसरत खाली आली. आईने फक्त थर्मास कुठे गेला ते विचारलं. मी त्या रात्री जेवलो नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

किती अंश उरले होते?

गाडी कडेला कधी उलटते हे दोन लांब्यांवरून ठरतं. एक, दोन्ही बाजूंच्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग. दोन, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाच्या बाहेर गेला की संपलं. माझ्या जातीच्या गाडीसाठी दोन्ही आकडे ढोबळमानाने ८० सेंटिमीटर धरू. दोन्ही समान, म्हणजे उलटण्याचा कोन ४५ अंश. वाळूचा उतार ३४. हाताशी ११ अंश, बरे वाटतात.

आता मी काय काय केलं ते वजा करत जाऊ. स्प्रिंग चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर उंच. एक्सल आणि चाकं खालीच राहिल्यामुळे एकूण गुरुत्वमध्य सुमारे ८ सेंटिमीटर वर गेला. मोठ्या टायरांनी आणखी अडीच. टपावरची जाळी आणि कॅन मिळून ८० किलो, तेही जमिनीपासून दोन मीटरवर. त्याने आणखी साडेतीन. ८० सेंटिमीटरचे झाले ९४. उलटण्याचा कोन ४५ वरून आला साधारण ४०.४ अंशांवर.

हे झालं सपाट, कठीण उतारावर. वाळूत खालची चाकं रुततात. दोन चाकांमधलं अंतर १६० सेंटिमीटर आणि खालची चाकं १० सेंटिमीटर रुतली, तर गाडी आणखी साडेतीन अंश कलते. शिवाय स्प्रिंगवर बसलेली बॉडी स्वतःही उताराकडे झुकते आणि गुरुत्वमध्य दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकतो. त्याचा आणखी एक अंश. चाळीस पूर्णांक चार वजा चौतीस, वजा साडेतीन, वजा एक.

उरले दोन अंशांच्याही आत. एखादी कडक वाळूची वरंघळ किंवा वरच्या चाकाखाली एक उंचवटा, एवढ्याने ते संपले असते.

हेच गणित दोन इंच उंचीला, मूळ टायरांना आणि रिकाम्या टपाला केलं तर पाच अंशांच्या आसपास उरतात. मुळात जशी कंपनीतून आली तशी गाडी असती तर साडेसहाच्या जवळपास. पाच अंश म्हणजे काही अभयदान नव्हे, आणि आकडे ढोबळ आहेत. पण चार इंचांनी मला काय दिलं होतं? पोटाखाली थोडी जास्त जागा. वाळूत तिची गरजच फार थोडी. वाळूत गाडी रुतते ती पोट टेकण्याआधी चाकं खोदत बसतात म्हणून.

आणि चाकं खोदू नयेत याचा उपाय स्प्रिंगमध्ये नाहीच, टायरमध्ये आहे. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश सैनिकी अभियंता १९२९-३०च्या सुमारास फोर्ड मॉडेल-ए गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरला. टायरमधली हवा कमी करून आणि वेग न सोडता प्रचंड टेकड्या चढता येतात हे त्याने दाखवलं, आणि पुढे १९४१ साली वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर जे पुस्तक लिहिलं ते आजही वापरलं जातं. हिशेब सोपा आहे. एका चाकावर ६२५ किलो भार असेल आणि हवा ३५ पीएसआय, तर जमिनीला टेकणारा भाग साधारण २५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डं. हवा १५ केली की सहाशेच्या जवळ, म्हणजे जवळपास ए-फोर आकाराचा कागद. वजन तेच, पाऊल अडीचपट. ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाड्या आठवा: त्यांना स्प्रिंग नसतेच, जे काही ‘सस्पेन्शन’ आहे ते टायरमधल्या हवेचं. तरी लाकडी चाकांच्या गाडीपेक्षा शेतातून किती सहज निघतात!

तांदळाच्या पोत्यांचा प्रयोग

उंची हा एक दोष. दुसरा मला कळला तो स्वयंपाकघरातल्या पोत्यांमुळे. चार इंचवाल्या स्प्रिंगा ‘हेवी ड्यूटी’ होत्या; पुढे लोखंडी बंपर, विंच, मागे कायमचं सामान अशा गाडीसाठी बनवलेल्या. माझ्या गाडीत तसलं काहीच नव्हतं. मग स्प्रिंग किती कडक आहे हे मोजायचं कसं? घरी सहज मोजता येतं. गाडी सपाट जागी लावा, हाताने चार-पाचदा हलवून सोडा म्हणजे बुशांमधलं घर्षण मोकळं होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग मागच्या एक्सलच्या बरोबर वर वजन ठेवा, पुन्हा हलवा, पुन्हा मोजा. इथे तांदूळ २० किलोच्या पोत्यांत मिळतो. शेजाऱ्यांची उसनी घेऊन आठ पोती झाली, १६० किलो. प्रत्येक स्प्रिंगवर ८०.

नव्या स्प्रिंगा १७ मिलिमीटर दबल्या. गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या मूळ स्प्रिंगा परत घातल्यावर तोच भार ठेवला, तर २५. म्हणजे मूळ स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला साधारण ३१ न्यूटन लागत होते, नवीला ४५ च्या पुढे.

यातून काय बिघडतं? स्प्रिंगवर ठेवलेलं वजन सेकंदाला किती हेलकावे खाईल, हे काढायला स्प्रिंगचा कडकपणा आणि वस्तुमान दोन्ही लागतात असं पुस्तकात असतं. पण त्याच सूत्राची एक सुंदर पळवाट आहे. नुसत्या वजनाने स्प्रिंग किती दबून बसली आहे एवढं कळलं तरी पुरतं. २५ सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला बरोबर एक हेलकावा. ११ सेंटिमीटर असेल तर दीड. ६ असेल तर दोन. माझ्या गाडीत मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर सुमारे ५०० किलो येतात. मूळ स्प्रिंग त्याखाली साडेपंधरा सेंटिमीटर दबते, म्हणजे सेकंदाला सव्वा हेलकावा. हेवी ड्यूटी जेमतेम ११, म्हणजे दीड. चालताना आपलं डोकं सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा वरखाली होतं आणि शरीराला त्या तालाची सवय असते. पण कडकपणा वाढत जाईल तसं पोटातलं पाणी हलायला लागतं. चार ते आठ हर्ट्झच्या दरम्यान माणसाचं धड स्वतःच अनुनादाने थरथरतं.

मला मात्र आरामापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. वजनाने स्प्रिंग जितकी दबलेली असते, तितकंच चाक खड्ड्यात खाली जाऊ शकतं. त्यापुढे स्प्रिंगमध्ये ढकलायला जोरच उरत नाही, चाक नुसतं लोंबकळतं. मूळ स्प्रिंगमध्ये ही शिल्लक साडेपंधरा सेंटिमीटर होती. मी पैसे देऊन ती अकरावर आणली. गाडी दिसायला उंच झाली, पण तिचे पाय आखूड झाले. बंदरावरच्या ठोकळ्यांची आठवण मला इथे झाली.

स्वस्तातला उपाय म्हणून काही जण स्प्रिंग कापतात किंवा जाड तारेची करून घेतात. कापल्याने गाडी नुसती खाली येत नाही. काम करणारी आठ वेटोळी असतील आणि दोन कापली, तर स्प्रिंग ३३ टक्के कडक होते. तारेच्या जाडीचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो. १६ मिलिमीटरची तार १७ केली, फक्त एक मिलिमीटर, की कडकपणा २७ टक्क्यांनी वाढला. वेल्डिंगने जोडलेल्या स्प्रिंगबद्दल बोलायलाच नको. उष्णतेने तिथल्या पोलादाचा पाण चढवलेला गुण जातो आणि ती तिथेच तुटते.

शॉकअपचं नाव आपण वजन पेलणाऱ्यासारखं घेतो, पण तो वजन पेलत नाही. तो स्प्रिंगचा नाच थांबवतो आणि त्या नाचाची ऊर्जा तेल तापवण्यात घालवतो. म्हणून कडक स्प्रिंगला जुना शॉकअप अपुरा पडतो. टेकड्यांकडे जाताना कडक जमिनीवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. लाटांचं अंतर ८० सेंटिमीटर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर चाकाला सेकंदाला साडेबारा धक्के बसतात, आणि एक्सलसह चाकाचा स्वतःचा ताल नेमका दहा ते पंधराच्या दरम्यान असतो. अशा वाटेवर दहा मिनिटांनंतर शॉकअपला हात लावू नका, भाजतो.

अंगणातलं काम

शेवटी मी दोन इंच उंचीच्या, मूळच्याच कडकपणाच्या जवळ जाणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या लांबीला जुळणारे शॉकअप मागवले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा किंचित मऊ ठेवल्या, यालाही कारण आहे. उंचवट्यावर आधी पुढचं चाक उडतं, मागचं नंतर. माझ्या गाडीच्या चाकांमध्ये जवळपास तीन मीटर अंतर आहे, ताशी ४० वेगाला हा उशीर पाव सेकंदाहून थोडा जास्त. मागचा ताल थोडा जलद असेल तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलत नाही. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी वजनं इकडून तिकडे हलवता येतील अशी एक गाडी बनवून हे पडताळलं होतं. माझ्या तांदळाच्या पोत्यांना एवढी थोर परंपरा आहे हे बायकोला सांगून पाहिलं. “ठीक आहे, पण पोती जागेवर ठेव,” एवढाच प्रतिसाद आला.

अखंड एक्सलच्या गाडीत स्प्रिंग बदलणं तसं सोपं. चेसिस स्टँडवर टेकवायची, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, एक्सल जॅकवर हळूहळू खाली सोडायचा. स्प्रिंग जवळपास मोकळी होऊन हातात येते. स्प्रिंग आवळायच्या स्क्रूने दाबून काढायचा मोह टाळलेला बरा. १५ सेंटिमीटर दाबलेल्या माझ्या स्प्रिंगमध्ये साडेतीनशे जूल ऊर्जा असते, म्हणजे ३५ किलोचा दगड मीटरभर उंचीवरून पडावा तितकी. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. इथल्या उन्हाळ्यात डांबर इतकं मऊ होतं की स्टँडचे पाय त्यात शिरतात. खाली जाड प्लायवूड घ्या.

एक्सल खाली जाताना ब्रेकच्या रबरी नळीकडे लक्ष हवं. चाक पूर्ण लोंबकळत असताना ती ताणली जात असेल तर लांब नळी बसवल्याशिवाय पुढे जायचं नाही. यात तडजोड नाही.

मग भूमिती. पुढचा एक्सल दोन लांब दांड्यांनी चेसिसला मागे जोडलेला असतो. गाडी उचलली की या दांड्या तिरप्या होतात आणि एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. दांडी मीटरभर लांब धरली तर ५ सेंटिमीटरला जवळपास तीन अंश. त्यामुळे ‘कॅस्टर’ कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे झुकलेला असतो आणि त्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ राहतं, तोच हा झुकाव. तो गेला की महामार्गावर गाडी दारुड्यासारखी भरकटते. त्यासाठी दांडीची बुशं बदलून भोक मध्यापासून सरकवलेली घेतात. चार इंचाच्या काळात मी हे केलंच नव्हतं आणि दोष टायरांना देत होतो. एक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही तिरपा होऊन एक्सलला सात-आठ मिलिमीटर एका बाजूला ओढतो. त्याला लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते शेवटच्या आवळणीत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट केले, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, हलवायची, आणि मग खाली झोपून टॉर्क रेंचने आवळायचे. कपडे खराब होतात.

राहिला कागदांचा भाग. कतारमध्ये गाडीत असा बदल करायचा तर वाहतूक विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि जुन्या गाडीला ‘फाहेस’ची वार्षिक तपासणी चुकत नाही. जर्मनीत राहणाऱ्यांना ट्यूफचा अनुभव असेलच. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. विमा कंपनीला कळवायचंही विसरू नका. अपघातानंतर पहिला प्रश्न तोच येतो.

टपावरची जाळी मी विकून टाकली. कॅन आता मागच्या सीटमागे, जमिनीलगत बांधलेले असतात. या हिवाळ्यात आई पुन्हा आली तेव्हा आम्ही त्याच भागात गेलो, पण परतताना टेकड्यांवरून न येता किनाऱ्याच्या बाजूने आलो. उत्तरेकडे येताना त्या उभ्या बाजू समोरून चढाव्या लागतात आणि संध्याकाळी सगळे दमलेले असतात. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे असतात, ते येत्या शुक्रवारी करणार आहे. तेव्हा पोती परत लागतील.